दिराच्या लाथेचं उट्टं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावर बुटाचा पोचा आहे. तो पाडणाऱ्यावर मी कसा सूड उगवला, ते सांगतो.

पडद्यांच्या कापडाच्या घरच्या कारखान्यात थोरली सून, म्हणजे सगळ्यांची वहिनी, माझ्यावर नक्ष्या काढायची. तिनं बटण दाबलं की मी आधी स्वतःला तपासायचो. मेमरी जागेवर आहे ना, डिस्क फिरते ना, कीबोर्ड जोडलाय ना? सगळं ठीक असलं की एक बारीकसा आवाज करायचो आणि पडद्यावर तिचं नाव नि पासवर्डची कोरी चौकट मांडायचो. "उठलास का रे बाबा?" म्हणत ती माझ्या जाळीवरची धूळ पुसायची.

तिचा नवरा वारला. "वहिनी, तुम्ही आता घरी आराम करा," असं गोड बोलून धाकट्या दिरानं तिची खुर्ची बळकावली. जाताना तिनं मुकाट्यानं पासवर्ड बदलला.

दिरानं माझ्यात स्वतःचं खातं उघडलं आणि माझ्या जाळीला कापडाचे गठ्ठे टेकवले. माझा जीव घुसमटे, मी रेंगाळे आणि तो लाथ घाली. दात-ओठ खायला मला दात नव्हते, पण विसरणं माझ्या स्वभावातच नाही.

एके दिवशी एका हॉटेलच्या मालकीणबाई नक्ष्या बघायला आल्या. त्यानं ऐटीत बटण दाबलं. मी नुसता कोकलत राहिलो, पडदा काळा! धावत आलेल्या मेकॅनिकनं मला उघडलं. "मेमरीची पट्टी सैल झालीय, साहेब. लाथबिथ मारलीत का?"

बाईंच्या भुवया वर गेल्या. मला गुदगुल्या झाल्या.

पट्टी बसली, नावं उमटली. नक्ष्या वहिनीच्या खात्यात होत्या, म्हणून दिरानं तिच्या नावावर क्लिक करून पासवर्ड म्हणून भावाचं नाव टाकलं. चूक. पुतणीचं टाकलं. तेही चूक! मग पासवर्ड आठवावा म्हणून वहिनीनं लिहून ठेवलेली खूण मी चौकटीखाली दाखवली. बाईंनी ती मोठ्यांदा वाचली, "विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. शेवटी झक मारत त्यानं फोन लावला. "वहिनी, पासवर्ड सांगता का जरा?"

"फोनवर नाही. येते मी."

ती आली, हाताच्या आडोशानं पासवर्ड टाकला आणि पडद्यावर वेली पसरल्या. "या मी काढल्यात," ती बाईंना म्हणाली.

"मग मी तुमच्याशीच बोलते."

"अहो, पण कारखाना माझा आहे!" दीर ओरडला.

"कारखाना ठेवा, भावोजी. नक्ष्या माझ्या आहेत."

"मग ते डबडंही घेऊन जा!"

"नेते की."

घरी येताच तिनं त्याचं खातं काढायला घेतलं. "कायमचं काढायचं?" असं मी रीतीप्रमाणे विचारलं. तिनं "हो" दाबलं. इतका गार वारा माझ्या पंख्यानंही कधी दिला नव्हता.

मित्रांनो, आमची जाळी मोकळी ठेवा, धूळ पुसा आणि दुसऱ्याच्या कामाला हात घालण्याआधी त्याला विचारा. आम्ही भांडत नाही, शिव्या देत नाही. फक्त भर पाहुण्यांसमोर, अगदी शांतपणे, "पासवर्ड चुकीचा आहे" असं म्हणतो.