पानावरचं मौन

ज्योत्स्नाबाईंनी आषाढी एकादशीला नेम धरला होता. चार महिने जेवताना तोंडातून शब्द काढायचा नाही. पानावर बसलं की मौन, हात धुतले की मौन सुटलं. कार्तिकी एकादशीला देवळात घंटा वाहायची नि व्रताची सांगता. सासूबाईंनी एके वर्षी हेच केलं होतं, दहा माणसांच्या घरात. मीठ हवं तर बोटांची खूण करावी लागे, आणि दीर मुद्दाम लोणचं पुढे सरकवत.

अहेरीच्या भाड्याच्या खोलीत मात्र ते इतकं सोपं गेलं, की ज्योत्स्नाबाईंना त्याची शंका यायला लागली.

अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून बदली होऊन त्यांना इथे दीड वर्ष झालं होतं. वय एकोणपन्नास. नवरा धनराज चंद्रपूरला पतसंस्थेत, मुलगी दिव्यानी नोकरीनिमित्त हैदराबादला. हाताखाली अठ्ठावीस अंगणवाड्या. एकेका लेकराचं वजन नि फोटो मोबाइलवर चढवायचा, आणि निम्म्या गावांत रेंजच नाही. रोज दुपारी वरून फोन येई, "मॅडम, माहिती आली नाही, तुमची गावं लाल दिसतात." अंगातून वाफ उठल्यासारखी उष्णता चढे, पदरानं वारा घेत त्या "हो सर" म्हणत. रात्री डोळा लागेना. शेवटी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला, धनराजच्या कानावर घातला आणि महाकालीच्या तसबिरीमागे ठेवला. सोमवारी द्यायचा. महाकाली आईला विचारलं होतं, कौल मिळाला नव्हता.

धनराजचा फोन साडेसातला यायचा. नेमकं तेव्हाच त्या दिवा लावून, स्तोत्र म्हणून पानावर बसलेल्या असत. फोन वाजून वाजून थांबे. नंतर त्या लावत, तेव्हा तो टीव्हीसमोर असे. "जेवली? हं. मी पण." पंधरा दिवसांपासून साडेसातला फोन वाजेनासाच झाला होता.

शनिवारी घरमालकीण ताराबाई आपलं ताट घेऊनच दारात उभी राहिली. तळ्यात जाळं टाकणाऱ्या घरातली बाई, आवाज अंगणभर.

"घाबरू नका बाई, आज मासोळी नाई, दोडके हायेत. तुमचा चातुर्मास मले मालूम हाये."

"या ना. पण मी बोलणार नाही हं जेवताना."

"रोजच बोलत नाई तुमी. इथी हाये तरी कोन बोलाले? मासोळी धरताना आमीबी गप्प राह्यतो, पण चौघीजनी मिळून. एकल्यानं गप्प बसाले काऊन नेम लागते?"

ज्योत्स्नाबाईंनी आपलंही ताट वाढून घेतलं. त्या बसल्या.

ताराबाईनं मग सुनेची गोष्ट काढली. भाग्यश्री स्कूटी शिकायला निघाली, नवी साडी नेसून, आणि बांधावरून थेट धानाच्या चिखलात. "वरून मले म्हनते, आत्या, ब्रेक तर दाबला होता. कोनाचा दाबला तं देवालेच माहीत." ज्योत्स्नाबाईंना हसू आवरेना. तोंडाला पदर लावून हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. एरवी त्यांनी सुनेला सांगायला दोन समजुतीचे शब्द सुचवले असते. तीस वर्षं तेच काम. आज नुसतं ऐकायचं होतं. हात धुताना ध्यानात आलं, अर्धा तास लाल गावं आठवलीच नव्हती.

रविवारी सव्वासातला त्यांनी आपणहून चंद्रपूरला फोन लावला. "अहो, मी आता पानावर बसते. फोन शेजारी ठेवते. तुम्ही पण ताट घ्या. मी बोलणार नाही, तुम्ही बोला."

"मी काय बोलू?"

"काहीही. ऐकलं की मी वाटी वाजवीन."

तिकडून ताट वाढून घेतल्याचा आवाज आला. मग धनराज म्हणाला, "भाजीत मीठ जास्त झालं. कोणाले सांगणार, खाऊन टाकतो." आणखी थोड्या वेळानं, "मले वाटलं, तुले माझा फोन नको झाला. म्हणून बंद केला." आणि मग, "गुडघा दुखून राह्यला महिनाभर. डॉक्टरकडे जाऊन आलो. बोललो नाई. तुह्या डोक्याले आधीच ताप."

ज्योत्स्नाबाईंनी घास ताटात ठेवला. जीभ टाळूला लावून त्यांनी चमच्यानं वाटीवर एक ठोका दिला. ठण्.

"ऐकून राह्यली ना? बरं. तो अर्ज द्यायचा तं दे. पण माह्या भाजीसाठी देऊ नको."

लग्नाला चोवीस वर्षं झाली. इतकं बोललेला धनराज त्यांनी पाहिला नव्हता. आणि त्याच्यासमोर इतका वेळ आपण गप्प कधी बसलो, हेही त्यांना आठवेना.

सोमवारी दुपारी वरून फोन आला, गावं लालच होती. "त्या गावांत रेंज नाही, सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वजनं वहीत घेतलीत. बाजाराच्या दिवशी सेविका इथे येतात, तेव्हा चढवते." पलीकडून आलं, "ठीक आहे." अर्ज आईच्या मागेच राहिला. कार्तिकीपर्यंत राहू दे म्हटलं.

कार्तिकीच्या आदल्या आठवड्यात ताराबाईचं ताट समोर होतं नि फोन मध्ये.

"घंटा घेऊन येतो शनिवारच्या बसनं," धनराज म्हणाला. "पण एकादशीनंतर तू बोलाले लागशील. मंग माही पाळी कधी? जाऊ दे. घंटा लहान आणू का मोठी? लहान असंल तं एक ठोका, मोठी असंल तं दोन."

ज्योत्स्नाबाईंनी चमचा उचलला. पहिला ठोका पडला आणि दुसरा पडायच्या आत ताराबाई फोनवर वाकली.

"मोठीच आणा, भाऊ. देवळातून इथपर्यंत आयकू आली पाह्यजे."