आबा मारत नाहीत

“मार ना आबा! लाल बटण दाब ना!”

“मी नाई मारत तुले.”

“अहो पण हा मारामारीचा गेम आहे!”

“असू दे. आजा नातीले मारते काय कुठी?”

पोळी लाटता लाटता मी दारातून डोकावले. बाबा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. हातात तळहाताहून जरा मोठा तो गेम, आणि त्याला वायरनं जोडलेलं दुसरं रिमोट राहीच्या हातात. पडदा एवढासा, त्यामुळे नातीचं डोकं आजोबांच्या डोक्याला टेकलेलं.

राही टीव्हीवर बघते त्या कार्टूनमधलेच राक्षस यात होते. तिचा निळा, शिंगं असलेला. बाबांचा हिरवा, ढेरपोट्या. गेम मारामारीचा होता खरा, पण विचित्र. यात कोणी मरत नाही. ठोसा बसला की अंगातून रंगीत गोळे बाहेर उडतात आणि इकडेतिकडे घरंगळतात. ज्याचा राक्षस त्यांच्यावरून जाईल त्याचे ते गोळे. वेळ संपली की ज्याच्याकडे जास्त, तो जिंकला.

राही मारायची आणि बाबा आपला राक्षस गोळ्यांमागे पळवायचे. “अरे बापा, माही फुलं सांडली,” म्हणत जमतील तेवढे वेचायचे. दरवेळी हरायचे. राहीनं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आमचे आबा कुणालाच मारत नाहीत.

बाबांचा जन्म फुलांतच गेला. अमरावतीला अंबादेवीच्या रस्त्यावर त्यांची हारांची जागा. दुकान म्हणावं असं काही नाही. बसायला लाकडी पाट, वर ताडपत्री, पुढ्यात ओल्या गोणपाटावर झेंडू आणि शेवंती. लांब सुईवर फुलं चढवून अंगठ्यानं ती एका ओढीत दोऱ्यावर सारायची, हे ते गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न बघता करत. उन्हाळ्यात उजव्या अंगाला लकवा मारला आणि मी त्यांना अकोल्याला घेऊन आले. आई नाही. माझा नवरा शुभम पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. घरात मी, माझी नोकरी आणि राही.

पाय सुधारला. जीभही सरळ झाली. बोटं राहिली. फिजिओथेरपीवाली म्हणाली, अंगठ्याला दाबायला काहीतरी द्या, मन रमेल असं. म्हणून जुन्या शहरातल्या एका दुकानातून मी हा गेम आणला. आणला आणि घाबरले. संत्र्याच्या फोडीतली बी काढल्याशिवाय मी राहीला फोड देत नाही. तिला मारामारी कशी देणार? आधी मीच बसून तो तपासला. कोणी मरत नाही हे पाहिलं, तेव्हा दिला.

बाबांच्या डोक्यात एकच होतं. घट बसायच्या आत अमरावतीला जायचं. नवरात्रात जागा रिकामी दिसली की तिथं दुसरा कोणी बसणार, आणि एकदा बसला की उठणार नाही.

त्या जागेशेजारी ओटीचं सामान विकणाऱ्या मैनाबाईंचा फोन यायचा. बाबा तो मांडीवर ठेवून, आवाज मोठा करून बोलायचे.

“शालिकरामभाऊ, येता का नाई? तुमच्या जागेवर लोकाइचा डोया हाय. मी माह्या टोपल्या ठेवून राखून रायली.”

“येतो ना. बोटं चालून रायली आता.”

“खरं बोलता?”

“एकदम फसकिलास! नातीसंग गेम खेळतो मी. इचार तिले.”

मी खुश झाले. बाबा रोज खेळतात, म्हणजे अंगठा हलत असणार, हा माझा हिशेब.

माझ्या सुटीच्या एका दुपारी राही शाळेत असताना मी धुतलेले कपडे घेऊन आले आणि दारातच थांबले. बाबा एकटे खेळत होते. दुसरं रिमोट गादीवर पडलेलं, त्यामुळे पडद्यावरचा निळा राक्षस नुसताच उभा. डाव्या हातानं बाबांनी हिरव्याला चालवत त्याच्यापुढे नेलं. मग डावा हात काढला, उजवा अंगठा चिमटीत धरून उचलला आणि लाल बटणावर ठेवला. वरून डाव्या हातानंच दाबला. गेम मांडीवरून कलंडून गादीवर पडला.

त्यांनी तो उचलला. पुन्हा तेच केलं. पुन्हा पडला.

चालवायला डावा हात, मारायलाही डावाच. दोन्ही एका वेळी व्हायचं नाही.

मी तशीच मागे सरकले. स्वयंपाकघरात जाऊन एक झाकण मुद्दाम जोरात आपटलं, चहा ठेवला आणि बऱ्याच वेळानं आत गेले. गेम उशीखाली होता.

“शाळा सुटली काय व?” बाबांनी विचारलं.

“नाई. आहे वेळ.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी झेंडू आणि सुई मागवली. मी बाजारातून आणून दिली आणि मुद्दाम कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. संध्याकाळी परडी तशीच होती. सुई दोऱ्याच्या रिळात परत खोचलेली.

“हार कुठे आहे आबा?” राहीनं विचारलं.

“फुलं शिळी होती व. ओवण्यासारखी नोहोती.”

फुलं सकाळचीच होती. परडी मी देवापुढे ठेवून दिली.

घट दोन दिवसांवर आले तेव्हा मैनाबाईंचा पुन्हा फोन आला. मी शेजारीच भाजी निवडत होते.

“मी तर आत्ता निघालो असतो मैनाबाई,” बाबा म्हणाले. “पण पोरगी येऊ देत नाई ना. जावई पुण्याले. पोट्टी लहान. हिच्या नोकरीच्या वक्ताले पोट्टीजवळ कोण?”

मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

“तिच्याजवळ द्या फोन.”

“ऐकूनच रायली ते.”

“काय व पौर्णिमा, बापाले पोट्टी सांभाळाले ठेवलं काय? जल्माची जागा हाय ते माणसाची! एवढी शिकली सवरली, अन् असं करतं?”

बाबा खिडकीकडे पाहत होते. उजवा अंगठा त्यांनी डाव्या मुठीत घट्ट धरला होता.

“हो मावशी,” मी म्हटलं. “मीच नाई पाठवत. मले एकटीले नाई होत.”

बोलून झाल्यावर जाणवलं, यातलं अर्धं खरंच होतं.

“आजकालच्या पोरी!” मैनाबाई फणकारल्या. मग आवाज जरा उतरला. “मंग शालिकरामभाऊ, जागा सोडू म्हणता?”

फोनमधून रस्त्यावरची घंटा तेवढी ऐकू आली.

“सोडून द्या,” बाबा म्हणाले. “पाट मातर कोणाले देऊ नोका.”

संध्याकाळी राही खाली खेळायला गेली. बाबांनी उशीखालून गेम काढला.

“बस,” ते म्हणाले. “पोट्टी येते तोलोक.”

मी कधी खेळले नव्हते. रिमोटची वायर आखूड, म्हणून त्यांना खेटून बसावं लागलं. त्यांच्या सदऱ्याला अजून मालिशच्या तेलाचा वास होता. हिरवा राक्षस चालत माझ्या निळ्यापुढे येऊन थांबला.

“मार ना व,” बाबा म्हणाले. “बाप हाय म्हणून सोडू नोको.”

“मले नाई जमत बाबा.”

त्यांनी पडद्यावरची नजर काढून माझ्या हाताकडे पाहिलं. माझा अंगठा लाल बटणावर होता. नुसता ठेवलेला.

“बरं,” ते म्हणाले. “राहू दे मंग.”

या गेममध्ये राक्षस नुसता उभा असला तरी श्वास घेत असतो. पोट वर येतं, खाली जातं. दोघं समोरासमोर तसे उभे राहिले. वरच्या कोपऱ्यातली वेळ उतरत उतरत संपली. कोणाचंच काही सांडलं नाही.