रिकाम्या हाताची पूड

"आज मी नाई वाटत," म्हणत मंगलीनं वरवंटा बाजूला ठेवला.

औषधवाली इतवारीबाई चमकली. पाट्यावर पळसाच्या चपट्या लालसर बिया तशाच पडल्या होत्या. जिला आता मूल नको, तिला त्यांची पूड गुळातून द्यायची, ही म्हातारीची विद्या. आणि ती पूड मूल न झालेल्या बाईनंच वाटली तर गुण येतो, हा तिचा हट्ट. गावात तशी बाई एकच. लेकराचं नाव ठेवायच्या दिवशी मंगलीला कोणी बोलवत नसे. या कामाला मात्र अगत्यानं बोलावणं यायचं. स्वतःची कूस उघडावी म्हणून तिनंही इतवारीबाईच्या मुळ्या खाल्ल्या होत्या. त्यांनी नुसतं तोंड कडू झालं.

"काऊन वं?" म्हातारीनं विचारलं.

मंगलीनं पदर बोटाला गुंडाळला. "माझा हात आता रिकामा नाई, असं वाटून राह्यलं बाई. कुरम्यात जायचे दिवस कवाचेच टळले."

कुरमा म्हणजे गावाबाहेरची, पाळीच्या बायांची झोपडी. म्हातारीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. भिंतीशी बसलेली वच्छला तर उठूनच आली. औषध तिच्याचसाठी होतं. पाचव्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती, चांद्याचा दवाखाना फार लांब, आणि सहावं तिला घेऊनच जाणार हे सगळ्यांना कळत होतं. तरी बाई हरखली. दोरीवरचं झबलं ओढून तिनं मंगलीच्या हातात कोंबलं.

"माझं राहू दे. मी थांबीन. पाची लेकरांच्या अंगावरचं हाये हे, तुले लाभन."

मंगलीनं झबलं कमरेला खोचलं. नवऱ्याला, पोचूला, ती काही बोलली नाही. पण तेंदूची पानं तोडताना तिचं पाऊल जपून पडायचं, आणि ते पाहून तो आपणहून तिचं गाठोडं उचलू लागला. या सुखासाठी ती किती तळमळली होती!

आणि एका सकाळी ती मान खाली घालून कुरम्याच्या वाटेला लागली. त्या वाटेनं जाणारीला कोणाला काही सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या बाया दोर ओढायच्या थांबल्या. पोचू दारातच उभा राहिला. झोपडीत भिंतीकडे तोंड करून मंगली पोटभर रडली.

प्राणहितेवर न्हाऊन ती परतली, ती सरळ इतवारीबाईच्या अंगणात. वच्छलाही आली. मंगलीनं बिया पाट्यावर घेतल्या आणि जीव ओतून वाटल्या. एवढी बारीक पूड तिच्या हातून आजवर झाली नव्हती.

"गाळाले फडकं द्या बाई."

म्हातारी आत शोधू लागली. तेवढ्यात मंगलीनं नदीवर धुऊन आणलेलं झबलं काढलं आणि वाटीवर ताणलं.

"अवं, त्यानं काऊन?" वच्छलानं वाटीवर हात आडवा धरला. "ठेव ते. पुढं लागन तुले."

"मऊ हाये," मंगली म्हणाली. "याच्यातून चांगलं गळते."

तिनं चिमूट-चिमूट पूड झबल्यावर टाकली आणि लेकराच्या पाठीला तेल चोळावं तशी बोटं हळूहळू फिरवत राहिली. खाली वाटी भरत गेली.