मधुसूदनबुवा खाली बसले तेव्हा

मी एक जुनी चिपळी आहे, मित्रांनो. अंग शिसवीचं, चकत्या पितळेच्या. इतवारीतल्या सुतारानं मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एकाच लाकडातून घडवलं. तेव्हापासून आम्ही धरमपेठेतल्या मधुसूदनबुवांच्या हातात वाजलो. बुवा एकदा कीर्तनाला उभे राहिले की आरतीपर्यंत टेकत नसत. "नारदांच्या गादीवर बसायचं नसतं," म्हणत. लोक बुवांबरोबर आमचंही कौतुक करत, तेव्हा माझं लाकूड फुगायचं.

सत्त्याऐंशीच्या थंडीत बुवांच्या छातीत कळ आली. डॉक्टर अरुंधतीताईंनी रक्त तपासलं, तर चरबी फार निघाली. अमेरिकेत नुकत्याच निघालेल्या गोळ्या पुतण्यानं पाठवल्या आणि ताईंच्या देखरेखीखाली त्या सुरू झाल्या. चरबी उतरली, पण बुवांच्या मांड्या दुखू लागल्या. पाटावरून उठताना ते भिंत धरत.

तबलजी नत्थूच्या नजरेतून ते सुटलं नाही. "बुवा, काहून लंगडून राहिले जी? हनुमंतासंगं लंकेले उडी मारली का?"

"तुझा तबला सांभाळ गा," बुवा हसले.

घरी वच्छलाबाई तेल चोळता चोळता म्हणत, "अहो, अरुंधतीताईंना सांगा तरी!"

"काय सांगू? जन्मभर गादीवरून सांगितलं, देहाचे लाड करू नका. आता मीच मांड्या दाखवत फिरू? लाज वाटते गं."

ताई कीर्तनाला पुढच्याच रांगेत बसत. "कुठे दुखत-खुपत नाही ना, बुवा?" असं आवर्जून विचारत.

"रामकृपा!" बुवा म्हणत.

हनुमान जयंतीला आख्यान रंगात आलं होतं. बुवांनी हात उंचावला आणि त्यांचे गुडघेच गेले. मी फरशीवर आपटले, माझं टोक तुटलं. बुवा गादीवर बसले होते. त्यांना उठताच येईना.

"दारू पिऊन आले वाटते बुवा!" मागून कोणीतरी म्हणालं.

"चूप बे!" नत्थू ओरडला.

बुवांनी उपरण्यात तोंड लपवलं. फरशीवर पडल्या पडल्या मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरती कुणी म्हणेना.

ताई धावल्या. "बुवा, मांड्या दुखतात? लघवी चहासारखी काळपट होते?"

बुवांनी मान डोलावली, पण डोळे वर केले नाहीत. "वाटलं, भक्तीच कमी पडली."

"भक्ती पुरेशी होती. सांगणं कमी पडलं. या गोळीनं एखाद्याच्या स्नायूंना इजा होते, म्हणून तर विचारत होते मी."

गोळी बंद झाली. दवाखान्यात सलाइन लागलं. स्नायू हळूहळू आपोआप भरून आले. बुवा आधी पाटावरून उठू लागले, मग जिना चढू लागले. मी मात्र कोनाड्यात धूळ खात पडले होते. बुवा माझ्याकडे पाहतच नसत.

पुढच्या रामनवमीला त्यांनी मला पुसून हाती घेतलं. कीर्तन निम्म्यावर आलं आणि ते थांबले.

"नत्थू, स्टूल आण गा. मांड्या दमल्या."

"आणतो जी. पन मले बी द्या एक, मी बी दमलो!"

मंडप हसला. बुवा बसले आणि गादीवरूनच त्यांनी गोळीची, मांड्यांची, लाजेची सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाले, "हे ऐकून कुणी मनानंच औषध सोडू नका. दुखलं तर ताईंना सांगा."

मित्रांनो, मी तर लाकूड. पण आपटलं की तत्क्षणी बोलते. तुमच्या घरी कुणी भिंत धरून उठताना दिसलं, तर त्याला विचारा. आणि ते हसून "रामकृपा" म्हणालं, तर जवळ बसून पुन्हा विचारा.