वाचक वाढले

महारुद्रअण्णांच्या शिक्षणसंस्थेत माहितीप्रणाली आली, तेव्हा तुळजापूरहून पेढे मागवले गेले. अण्णांचा भाचा कुलदीप पुण्याहून शिकून आला होता. त्याने पडद्यावर बाण दाखवत समजावलं, "मामा, इकडून माहिती आत जाते, तिच्यावर प्रक्रिया होते आणि तिकडून निर्णय बाहेर पडतो."

"म्हंजे उसाच्या चरकासारखं."

"अगदी तसंच. फक्त चिपाड निघत नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपाल शिवकुमार यांनीही वाजवल्या, पण इतरांच्या थांबल्यावर, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

तेव्हापासून संस्थेचा एकेक विभाग अण्णांच्या मोबाइलवर एकेका गोलात दिसू लागला. वसतिगृह हिरवं, कँटीन तर हिरवंगार. वाचनालय मात्र लालभडक. एक दिवस अण्णा स्वतःच वाचनालयात आले.

"सर, महिनाअखेर हा गोल हिरवा झाला न्हाय, तर हितं व्यायामशाळा. पोरं निदान दंड तरी काढतील."

शिवकुमार "बरं" म्हणाले. ज्या कपाटांच्या आडोशाला ते जन्मभर माणसांपासून लपून बसले, ती कपाटं आता जाणार होती. आणि आपण "बरं" का म्हणालो, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

वाचक मोजायला कुलदीपने व्हरांड्याच्या पायरीशी यंत्राचा डोळा बसवला होता. प्लग खाली होता, म्हणून डोळाही गुडघ्याएवढ्याच उंचीवर. दुपारी गावातल्या मेंढपाळ बिराप्पाच्या शेळ्या त्या व्हरांड्यात सावलीला घुसायला बघायच्या आणि शिवकुमार त्यांना पायरीवरूनच हुसकायचे. एकदा मात्र ते वाचनात असे बुडाले, की हुसकायचं राहूनच गेलं. संध्याकाळी अण्णांचा फोन आला.

"सर, आज वाचनालयाला जत्राच भरली व्हती की! गोल पिवळा झालाय."

"अण्णा, त्या..."

"लई भारी. असंच चालू द्या," म्हणून अण्णांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिवकुमारांनी व्हरांड्यात पाण्याची घमेली भरून ठेवली. बिराप्पा चक्रावला.

"सर, काल-परवापतोर दगुड उचलत व्हता तुमी. आज पाणी?"

"ऊन फार आहे," शिवकुमार जमिनीकडे बघत म्हणाले. आयुष्यातली ही त्यांची पहिली लबाडी. ती इतकी सोपी निघाली, की इतके दिवस आपण प्रामाणिक होतो की नुसतेच भित्रे, असा त्यांना संशय आला.

महिनाअखेर गोल हिरवा झाला. वाचनालय वाचलं. बैठकीत कुलदीप अहवाल घेऊन उभा राहिला.

"वाचनालयात संस्थेतली सगळ्यात जास्त वर्दळ आहे. वाचक बराच वेळ थांबतात. पुस्तक मात्र एकानंही नेलेलं नाही. म्हणजे लोकांना जागा हवी आहे, पुस्तकं नको आहेत. प्रणालीनं कपाटं हलवायला सुचवलंय."

"बराबर हाय," अण्णा म्हणाले. "एवढी गर्दी, अन् निम्मी जागा कपाटांनीच आडवलीय."

शिवकुमार उभे राहिले. बैठकीत ते कधी उभे राहत नसत.

"अण्णा, त्या शेळ्या आहेत. बिराप्पाच्या."

अण्णांनी भाच्याकडे पाहिलं. कुलदीपने पडद्यावरची यादी खालीवर करून बघितली.

"आपल्या प्रणालीत विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणे एवढेच प्रकार आहेत, मामा. शेळी असा प्रकारच नाही."

"मग त्या शेळ्या न्हाईत," अण्णांनी निकाल दिला. "बसा सर. पाणी प्या."

शनिवारी ट्रॅक्टर आला. कपाटं आणि पुस्तकं त्यात भरून गोदामात गेली. शिवकुमारांची नोकरी शाबूत राहिली. त्यांचं काम एवढंच, गोल हिरवा ठेवायचा.

दुपारी बिराप्पाने दारातून आत डोकावून पाहिलं. खोली रिकामी आणि गार होती.

"आता तर लई जागा झाली की, सर. उद्यापासनं मेंढरंबी आनू का?"

शिवकुमारांनी घमेल्यांत पाणी ओतलं.

"अण्णांना विचारून सांगतो," ते म्हणाले.