बेलाबाईंचं कुलूप

"साहेब, सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा न्हाई. पण अख्ख्या कतारात गॅलिशियन आणि हंगेरियन अशा दोन्ही भाषा येणारा ड्रायव्हर एकच हाय, आणि तो आत्ता तुमच्याकडं भरलं वांगं खातोय," असं म्हणून जालिंदरनं वांग्याचं देठ ताटाच्या कडेला ठेवलं, ते जणू कोर्टात पुरावा दाखल केल्यासारखं.

शुक्रवारची दुपार होती. अल हिलाल वस्तीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये कंपनीच्या गाड्यांचं बघणारे संजीवसाहेब जेवत होते, आणि त्यांच्या ताटाशेजारी नव्या गाडीची चावी पडली होती. जालिंदरचा एक डोळा वांग्यावर होता, तर दुसरा त्या चावीवर.

भानगड अशी होती. रविवारपासून कंपनीत दोन पाहुणे इंजिनियर यायचे होते. एक आन्शो, स्पेनच्या कोपऱ्यातल्या गॅलिसियाचा. दुसरं नाव बेला, हंगेरीचं. दोघांचंही इंग्रजी बेताचं. त्यांना वर्षभर या नव्या गाडीनं, समुद्रकाठच्या अल वक्र्याहून साइटवर न्यायचं काम फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या ड्रायव्हर विजयकुमारला द्यावं, असं साहेबांच्या मनात होतं. मग एकोणसाठ वर्षांच्या जालिंदरला गाडीच उरत नव्हती. महिनाअखेर खलास, आणि बोचकं बांधून माणदेशात परत.

ही नावं बुधवारी कानावर आली तेव्हापासून जालिंदर रूममेटच्या मागे लागला होता. हा रूममेट फजल हॉटेलात देशोदेशींच्या पाहुण्यांच्या बॅगा उचलायचा आणि त्यांचे चार-चार शब्द उचलून आणायचा. उरलेलं त्याच्या मोबाइलनं शिकवलं. दोन संध्याकाळींत जालिंदरच्या झोळीत दोन्ही भाषांचे वीस-वीस शब्द आले. वीस शब्दांत तो रामायण सांगू शकत होता.

"तुम्ही कुठे शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"ह्याच दोघांकडनं. स्टेडियमचं काम चाललं होतं ना, तवा सात महिने ह्याच आन्शोसाहेबांना आणि बेलाबाईंना मीच नेत होतो. पुढं मी, मागं ती दोघं."

साहेबांचा घास हातातच थांबला. "बेलाबाईंना?"

"लई मायाळू बाई. केसांत रोज एक फूल."

साहेबांनी बायकोकडे, सुचित्राताईंकडे पाहिलं, ताईंनी आमटीकडे. "अस्सं," साहेब म्हणाले. "मग या दोन भाषांत फरक काय, ते तरी सांगा."

जालिंदरला एवढंच हवं होतं. "फरक इंजिनाचा, साहेब. गॅलिशियनचं इंजिन पुढं. 'माझ्या घरात' म्हणायचं तर 'ना मिन्या कासा'. त्यातला 'ना' म्हणजे 'नको' न्हवं, 'आत'. आधी आत शिरायचं, मग घर शोधायचं. हंगेरियनचा सगळा माल मागं. हाझ म्हणजे घर. हाझम, माझं घर. हाझमबन, माझ्या घरात. एकामागं एक ट्रेलर जोडत जायचं. आपलंबी तसंच की, 'घरात'मधला 'त' शेपटालाच. म्हणून बेलाबाईंचं मला आधी कळायला लागलं. नावसुदिक आपल्या शाळेच्या हजेरीसारखं, आडनाव आधी."

"आणि ही?" साहेबांनी चावी उचलून हलवली.

"चावे," जालिंदर चावीवरची नजर न हलवता म्हणाला. "गॅलिशियनमधी चावे. आणि हंगेरियनमधी कुल्च. तिथंच माझा घोळ झाला. पहिल्याच दिवशी बाई साइटवरनं वरडल्या, कुल्च, कुल्च. मला वाटलं, कुलूप पायजे. भर उन्हात सूक वाकिफच्या बाजारात गेलो आणि नारळाएवढं पितळी कुलूप घेऊन आलो. बाई ऑफिसच्या बंद दारापुढं उभ्या. चावी मागत होत्या, मी आणखी एक कुलूप दिलं."

सुचित्राताईंना हसू आवरेना. त्यांनी जालिंदरला न विचारता अजून एक वांगं वाढलं. तेवढ्यानं तो चेकाळला.

"एकदा वक्र्याच्या समुद्रावर बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, कुत्या. म्हणलं, अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, अशी शिवी कुणी दिली न्हाई. गाडी तिथंच लावून चालायला लागलो. तर माझ्यामागं खरंच कुत्रं उभं. त्यांच्यात कुत्र्याला कुत्याच म्हणत्यात. आन्शोसाहेबांनी मिटवलं. त्यांच्यात कुत्र्याला 'कान' म्हणत्यात, म्हणून ते आपला कान धरून भुंकून दाखवत होते. बघायला वीस माणसं जमली."

हसून हसून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चावी त्यांच्या हातून सुटून जालिंदरच्या ताटाजवळ आली होती. जालिंदरनं भाकरी घ्यायला म्हणून हात लांबवला आणि तो चावीवर ठेवून दिला.

"शेवटी तिघांत एकच भाषा राहिली," तो हळूच म्हणाला. "मराठी. बेलाबाई जाताना रडल्या. म्हणाल्या, जालिंदरभाऊ, येते."

साहेबांची सातवीतली मुलगी नुपूर इतका वेळ वडिलांच्या मोबाइलमध्ये काहीतरी चाळत होती. घरात सगळे मराठीत बोलत, ती इंग्रजी मिसळून उत्तरं देई. तिनं मोबाइल जालिंदरसमोर धरला. साहेबांना आलेला पाहुण्यांचा फोटो होता. एक सडपातळ, चष्म्याचा. दुसरा पैलवानी अंगाचा, आणि त्याच्या ओठांवर झाडूसारख्या आडव्या मिशा.

"अंकल, धिस इज बेला," नुपूर मिशांवर बोट ठेवून म्हणाली. "हंगेरीत ते बॉईज नेम आहे."

जालिंदरनं फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. चावीवरचा हात मात्र हलला नाही.

"तेच तर सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "त्या भाषेत तो आणि ती असं येगळं नसतंच. दोघांना एकच शब्द, ओ. गॅलिशियनमधी दोन हायत, आपल्यात तर ते धरून तीन. पण हंगेरियनमधी माणूस बाई हाय का बाप्या, शब्दावरनं कळायला मार्गच न्हाई. मग माझ्यासारख्याचं काय चुकलं?"

साहेबांनी चावी परत घ्यायला हात पुढे केला, पण हसता हसता त्यांना जोराचा ठसका लागला आणि हात पाण्याच्या ग्लासाकडे वळला. ग्लास रिकामा झाला तरी तो चावीकडे परत आला नाही. "रविवारी, सकाळी सहाला, विमानतळावर," ते कसंबसं म्हणाले. "आणि फूल नेऊ नका."

जालिंदरनं चावी खिशात टाकली आणि मान खाली घालून वांग्याला हात घातला. तेवढ्यात आमटीची पळी हातात तशीच धरून सुचित्राताई म्हणाल्या, "शब्दावरून नसेल कळलं, जालिंदरभाऊ. पण सात महिने मागे बसलेल्या माणसाची मिशी तुम्हाला गाडीच्या आरशातसुद्धा दिसली नाही?"