सातवी नक्षी

कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन मुख्याध्यापकांच्या दिशेने आलं होतं. ते खाली वाकले, म्हणून मशीन मागे उभ्या असलेल्या ठोकळेबाईंना लागलं. उजव्या भुवईवर, हाडाला. रक्त आधी चष्म्याच्या काचेवर आलं, मग गालावर.

"बसा बाई, बसा," शिपाई म्हणाला. "टाके पडणार बघा."

"टाके नंतर. आधी टेबलावरची ती कात्री उचला."

मशीन फेकणारी मुलगी दहा वर्षांची. कपाटाला पाठ लावून धापा टाकत उभी होती. वीस मिनिटांपूर्वी तिला वर्गात फळ्यावरचा उतारा मोठ्याने वाचायला सांगितला होता. दुसऱ्या ओळीत ती अडली. पुढच्या बाकावरची मुलगी हसली आणि हिने पाण्याची स्टीलची बाटली दोन्ही हातांनी तिच्या तोंडावर हाणली. एकदा नाही, तीनदा. समोरचा दात निम्मा तुटला. बुडाला पोचा आलेली ती बाटली आता मुख्याध्यापकांच्या टेबलावर होती.

ठोकळेबाई शिक्षण खात्यातल्या मानसतज्ज्ञ. सव्वीस वर्षं नोकरी, पाच शाळा त्यांच्याकडे. त्यांच्या पिशवीत लाल-पांढरे नऊ ठोकळे असत. कार्डावरच्या नक्षीसारखे ते जुळवायचे आणि बाईंनी वेळ मोजायची. मुलं त्यांना ठोकळेबाई म्हणत. पाठीमागे शिक्षकही म्हणत.

महिन्यापूर्वी त्यांनी या मुलीची तपासणी केली होती. निष्कर्ष सरळ होता. बुद्धी सरासरीपेक्षा बरीच वर; वाचनात मात्र मोठी अडचण, अक्षरं जोडायला इतरांच्या चौपट कष्ट. शाळेने काय करायचं ते अहवालात चार पानं लिहिलं होतं. वडिलांना त्यांनी जिन्यातच सांगितलं होतं, कारण पुढच्या शाळेत दोन मुलं ताटकळत होती.

"हिचे वडील चारला येतायत," मुख्याध्यापक म्हणाले. "दाखला हातात ठेवतो आणि मोकळा होतो. त्या दुसऱ्या मुलीचे आईवडील पोलिसांत जायचं म्हणतायत. मी तरी कुणाकुणाला तोंड देऊ?"

"चारपर्यंत मला द्या तिला. शेजारची खोली लागेल."

"अहो, डोळा फोडला असता तिने तुमचा!"

"फोडला नाही ना."

शेजारच्या खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. भुवईवर कापूस दाबून बाई बसल्या. मुलगी बराच वेळ त्या कापसाकडे बघत राहिली.

"दुखतंय?"

"हो."

"मला सरांना मारायचं होतं."

"दिसलं मला. नेम चुकला."

मुलीच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. "बाई, ती परीक्षा पुन्हा घ्या ना. ठोकळ्यांची."

"का? झकास केली होतीस की."

"म्हणूनच."

एकदा घेतलेली चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घ्यायची नाही, असा नियम होता. बाईंनी तो कधी मोडला नव्हता. त्यांनी पिशवी उघडली, पहिलं कार्ड ठेवलं, घड्याळाची कळ दाबली.

मुलीने अकरा सेकंदांत नक्षी पुरी केली. तिच्याकडे नीट पाहिलं. मग कोपऱ्यातला एक ठोकळा उचलून उलटा ठेवला.

"झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या कार्डालाही तेच. तिसऱ्यालाही. सहाव्या कार्डापर्यंत प्रत्येक नक्षी आधी बिनचूक जुळली आणि मग मोडली. जुळवायला लागे त्याहून जास्त वेळ ती कुठला ठोकळा बिघडवायचा हे ठरवायला घेत होती.

सातव्या कार्डाला तिने मधला ठोकळा फिरवला. हात लांब केला तेव्हा बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळ्या रेघा होत्या. जोडीजोडीने, मध्ये पांढरी पट्टी सोडून. असा वळ रबरी पाइपचा उठतो. बाईंनी याआधी तो तीनदा पाहिला होता. डाव्या हाताची करंगळी सुजून तिच्या शेजारच्या बोटाएवढी झाली होती.

"कधीपासून?"

"तुम्ही बाबांना सांगितलंत ना, त्या दिवसापासून."

बाईंनी भुवईवरचा कापूस खाली ठेवला.

"आधी बाबा मला वाचून दाखवायचे," मुलगी म्हणाली. "गोष्टी, दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. आई गेल्यावर तर रोज. म्हणायचे, राहू दे पिलू, तुला नाही जमायचं, मी आहे ना. आता रोज एक पान वाचायला देतात. एक शब्द चुकला की एक फटका. म्हणतात, बाईंनीच सांगितलंय तू हुशार आहेस. म्हणजे तू मुद्दाम करतेस." तिने ठोकळ्यांकडे बोट दाखवलं. "आता लिहा ना, मी ढ आहे. मी सगळं चुकवलंय."

एका ओळीचं काम होतं. ती ओळ लिहिली तर आज रात्री पाइप खुंटीवरच राहिला असता आणि वडील पुन्हा पाट्या वाचून दाखवू लागले असते. मग मात्र या मुलीपुढे जन्मात कुणी पुस्तक ठेवलं नसतं.

"मला फोन करावा लागेल," बाई म्हणाल्या. "बालसंरक्षण कक्षाला. हे वळ बघितल्यावर मला गप्प बसता येत नाही. आज तुला बाबांबरोबर घरी जाता येणार नाही."

मुलीने टेबलाखालून त्यांच्या नडगीवर लाथ मारली. मग त्यांचा हात ओढून मनगटाला चावली. दात रुतेपर्यंत चावली. बाईंनी हात सोडवला नाही. तिने सोडेपर्यंत त्या तशाच बसल्या. मग फोन करायला गेल्या. सातव्या कार्डाचं घड्याळ बंद करायचं राहिलं.

बाहेर मुख्याध्यापक आडवे आले. "जरा दमानं घ्या बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या शाळेचं नाव..."

"मूठ सुजलीय तिची, सर."

चार वाजून पाच मिनिटांनी वडील आले. फिटर होते, डगल्याला ग्रीसचे डाग, हात मात्र घासून स्वच्छ धुतलेले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि फोनचं सांगितलं.

ते आधी गोंधळले. मग उठले. "कुठे आहे ती?"

मुलगी दारातच होती. त्यांनी तिची वेणी पकडून तिला पुढे ओढलं. "चल घरी. दात पाडतेस लोकांचे? चल, दाखवतो."

बाई मध्ये शिरल्या. वडिलांचं कोपर त्यांच्या भुवईवर बसलं आणि जखम पुन्हा उघडली. शिपायाने मागून वडिलांच्या कंबरेला मिठी मारली. वडिलांनी त्याला झटकलं, हात उगारला आणि मूठ सरळ कपाटाच्या काचेत गेली. काच फुटल्याचा आवाज झाला तसे सगळे थांबले. वेणी सुटली.

"तुम्हीच म्हणालात!" वडील ओरडले. हातातून रक्त गळत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "जिन्यात! हसत! डोक्यात काही कमी नाही, हुशार आहे! मी तिला मंद समजत होतो तोवर बोट लावलं नव्हतं. विचारा तिला!"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "मी अर्धंच सांगितलं. उरलेल्या अर्ध्याला दहा मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत."

"काय अर्धं?"

"ती हुशार आहे आणि तिला वाचता येत नाही. दोन्ही खरं आहे. मुद्दाम काही करत नाही ती. रोज चार माणसांएवढी मेहनत करून एक ओळ वाचते. तिला शिकवायची पद्धत वेगळी असते आणि ती शिकते. मारून नाही शिकत."

वडील काचांमध्येच खाली बसले. शिपायाने त्यांच्या हाताला टेबलपुसणं गुंडाळलं.

"आता सांगून काय उपयोग," ते म्हणाले.



पाचच्या सुमारास बालसंरक्षणच्या ताई आल्या, बरोबर मुलीची मावशी. मावशीने भाचीच्या बाह्या वर करून पाहिल्या आणि मेहुण्याकडे वळून म्हणाली, "माझी बहीण गेली तेव्हा तुमच्या भरवशावर सोडली होती मी हिला. चांगलं सांभाळलंत, भावोजी."

तिने मुलीचा दंड धरला तेव्हा मुलगी किंचाळली. "बाबा! मी सगळं चुकवलं! सातही नक्ष्या चुकवल्या! विचारा बाईंना!"

वडिलांनी मान वर केली. ती काय म्हणते आहे ते त्यांना कळलं नाही. बाईंना सांगता आलं असतं.

दप्तर शेजारच्या खोलीत राहिलं होतं. मुलगी ते घ्यायला आत गेली, मागून बाई. दप्तर तिने उजव्या खांद्यावर घेतलं. दाराशी पोचली, थांबली आणि परत फिरली. टेबलावर सातवी नक्षी तशीच होती. सुजलेली करंगळी लांब धरून तिने मधला ठोकळा उचलला, सरळ केला, बोटाने कडा जुळवली. बाईंकडे न बघता ती निघून गेली.

घड्याळ अजून चालू होतं. बाईंनी कळ दाबली. दोन तास, अकरा मिनिटं. नियमाप्रमाणे दोन मिनिटांनंतर जुळवलेल्या नक्षीला गुण नसतात. त्यांनी वेळेच्या रकान्यात वेळ लिहिली. गुणांच्या रकान्याशी पेन धरून त्या बराच वेळ बसल्या. शिपाई दोनदा येऊन टाक्यांची आठवण करून गेला.